ठेकेदाराच्या घरी कॉम्प्युटरची कीर्द

कामे भरपूर आहेत, पैसाही येतो, तरी शनिवारी मजुरांचा पगार करताना हात आखडतो. बांधकामाच्या धंद्यातले हे जुने दुखणे. हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकून ते बरे होऊ शकते. मात्र शिकायचे नेमके काय, हे आधी कळायला हवे.

शनिवारची संध्याकाळ. तालुक्याच्या गावातल्या एका घराच्या ओट्यावर मुकादम येऊन बसला आहे. त्याच्यामागे आठ-दहा गवंडी आणि बिगारी. उद्या गावचा बाजार, तेव्हा आज पगार हवाच. आत ठेकेदार खिशातली छोटी डायरी उलटीपालटी करत आहे. हाताशी चार कामे आहेत. गेल्याच पंधरवड्यात सरकारी खात्याकडून मोठे बिल निघाले. तरीही कालच पत्नीच्या पाटल्या तारण ठेवून बँकेतून दीड लाख रुपये काढावे लागले, म्हणून आजचा पगार होतो आहे. "या महिन्यापुरत्याच," असे त्याने पाटल्या घेताना म्हटले होते. मागच्या वर्षीही तो हेच म्हणाला होता.

असे घर विदर्भात सापडेल, बेळगावात सापडेल, इंदूरला किंवा बडोद्यालाही सापडेल. नावे बदलतील, रकमा बदलतील, पण प्रश्न तोच राहील. काम केले, बिल निघाले, मग पैसा गेला कुठे? उदाहरणादाखल हेच घर डोळ्यांपुढे ठेवले, तर ठेकेदाराच्या हिशेबात काय चुकते आणि कॉम्प्युटर शिकून ते कसे सुधारते, हे नीट समजते.

या घरात तीन माणसे महत्त्वाची. ठेकेदार स्वतः दिवसभर साइटवर. त्याचे वडील, तरुणपणी मार्केट यार्डातल्या आडत दुकानात दिवाणजी होते. आणि पत्नी, बारावी कॉमर्स झालेली, पण लग्नानंतर पुस्तपालनाचे पुस्तक पुन्हा न उघडलेली. पाटल्या बँकेत गेल्या त्या आठवड्यात तिने ठरवले, हिशेब आपण शिकायचा.

दुकानाचा हिशेब वेगळा, ठेक्याचा वेगळा

किराणा दुकानदार सकाळी माल घेतो, संध्याकाळपर्यंत विकतो. गल्ला मोजला की दिवस कसा गेला ते कळते. ठेकेदाराचे तसे नाही. त्याचे 'दुकान' एकाच वेळी चार गावांत मांडलेले असते. आज टाकलेल्या सिमेंटचे पैसे दोन-तीन महिन्यांनी मिळतात, तेही कपात होऊन. मजुराला आधी उचल द्यावी लागते, काम नंतर होते. एका साइटवर उतरवलेली सळई दुसऱ्या साइटवर जाते. कामाची काही रक्कम अनामत म्हणून मालकाकडे अडकून राहते आणि काम संपून वर्ष उलटले, तरी तिची आठवण कोणाला राहत नाही.

म्हणून 'बँकेत किती आहेत' यावरून ठेकेदाराला आपली स्थिती कळत नाही. बिल निघाल्याच्या दिवशी तो श्रीमंत असतो आणि पगाराच्या दिवशी गरीब. या दोहोंपैकी खरे काय, हे फक्त हिशेबच सांगू शकतो.

काही जण म्हणतात, छोट्या व्यावसायिकाला ठराविक टक्के नफा गृहीत धरून प्राप्तिकर भरण्याची सोय कायद्यात आहे, मग वह्या लिहायच्या कशाला? सोय आहे हे खरे. पण ती कर भरण्यापुरती. कोणत्या कामात आपण बुडत आहोत, हे तो गृहीत नफा सांगत नाही. हिशेब सरकारसाठी नंतर, आधी स्वतःसाठी.

आधी कीर्द, मग कळफलक

गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये टॅली शिकवतात. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थी एफ ५ म्हणजे पेमेंट, एफ ६ म्हणजे रिसीट, एफ ७ म्हणजे जर्नल, एफ ८ म्हणजे विक्री, एफ ९ म्हणजे खरेदी हे पाठ करतो. कळा पाठ होतात, पण कोणत्या वेळी कोणती दाबायची ते कळत नाही. या ठेकेदाराच्या पत्नीचेही तसेच झाले. क्लासमधली उदाहरणे कापड दुकानाची. घरी येऊन मुकादमाची उचल लिहायला बसली, तर खर्च लिहायची की येणे, इथेच गाडी अडली.

तिला वाट दाखवली ती सासऱ्यांनी. त्यांना कॉम्प्युटर चालवता येत नव्हता, पण हिशेब येत होता. ते म्हणाले, "सूनबाई, मुकादमाने पैसे घेतले, काम अजून दिले नाही. मग तो आपला देणेकरी झाला की नाही? त्याच्या नावे टाक. काम मोजशील त्या दिवशी त्याचे जमा कर."

एवढ्या दोन वाक्यांत द्विनोंदी पद्धतीचे सार आहे. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, एक नावे आणि एक जमा. इटलीतील लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात ही पद्धत सविस्तर मांडली. व्यापारी ती त्याआधीपासूनच वापरत होते. आपल्याकडेही कीर्द-खतावणीची स्वतंत्र परंपरा आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतले जमाखर्चाचे कागद आजही जपलेले आहेत.

शाळेतले तीन नियम पुन्हा एकदा उजळले, की पुष्कळ काम होते. व्यक्तीचे खाते असेल, तर घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचे जमा. रोकड, यंत्र, माल यांचे खाते असेल, तर येणाऱ्याच्या नावे, जाणाऱ्याचे जमा. आणि खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. कीर्द म्हणजे टॅलीतले डे बुक, खतावणी म्हणजे लेजर, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स आणि ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट. नावे इंग्रजी आहेत, वस्तू ओळखीच्याच.

नवशिक्याला दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. जुन्या देशी वहीत जमेची बाजू डावीकडे असे आणि नावे उजवीकडे. कॉम्प्युटरवर डेबिट म्हणजे नावे डावीकडे येते. सासऱ्यांची वही पाहून पडद्यावर लिहिणाऱ्याचा गोंधळ होणारच. दुसरी ठेच पासबुकाची. पैसे भरले की पासबुकात 'जमा' दिसते, पण आपल्या वहीत बँकेच्या 'नावे' पडते. कारण पासबुक ही बँकेची वही आहे, त्यात आपण बँकेचे धनको असतो. आपल्या वहीत बँक आपली देणेकरी असते. हे एकदा डोक्यात बसले, की निम्मी भीती जाते.

दुकानदाराच्या गरजेतून आलेले साधन

टॅलीची जन्मकथाही घरातल्या हिशेबाचीच आहे. बंगळूरमध्ये व्यवसाय करणारे श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याचा हिशेब ठेवण्यासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना. तेव्हा त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी ते तयार केले आणि १९८६ मध्ये पिता-पुत्रांनी कंपनी सुरू केली. भरत गोयंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी 'टॅली प्राइम' ही आवृत्ती आली. टॅलीखेरीज 'बिझी' आणि मोबाइलवर चालणारे 'व्यापार' अशीही साधने बाजारात आहेत. हिशेबाची तत्त्वे सगळीकडे तीच. एक नीट आले, की दुसरे शिकायला वेळ लागत नाही.

विकत घेण्यापूर्वी टॅलीचा सराव फुकट करता येतो. 'एज्युकेशनल मोड'मध्ये कार्यक्रम चालतो, मात्र महिन्यातील ठराविक तारखांच्याच नोंदी घेतो. शिकायला तेवढे पुरे. ठेकेदाराच्या पत्नीने या सरावाच्या टॅलीत आपल्याच घरचा मागचा एक महिना लिहून काढला. कापड दुकानाच्या उदाहरणापेक्षा आपल्या वाळूच्या पावत्यांनी ती जास्त शिकली. शिकणाऱ्या प्रत्येकाने हे करून पाहावे.

नवी कंपनी उघडली, की टॅली २८ गट तयारच देते. भांडवल, कर्जे, स्थावर-जंगम मालमत्ता, येणी, देणी, थेट खर्च, अप्रत्यक्ष खर्च असे हे गट. खाती मात्र दोनच तयार असतात, रोकड आणि नफा-तोटा. बाकीची आपण उघडायची. इथे घाई करू नये. मजुरी, सिमेंट, खडी, डिझेल, सेंटरिंगचे भाडे हे थेट खर्च, कारण ते कामावर होतात. ऑफिसचे लाइट बिल, फोन, सनदी लेखापालांची फी हे अप्रत्यक्ष. गट चुकला तर बेरीज बरोबर येते, पण अर्थ चुकतो. आणि चुकलेला अर्थ चुकलेल्या बेरजेपेक्षा जास्त फसवतो, कारण तो पकडला जात नाही.

प्रत्येक साइट म्हणजे वेगळी चूल

ठेकेदाराने सॉफ्टवेअरमध्ये एकच गोष्ट शिकायची ठरवली, तर ती 'कॉस्ट सेंटर' ही असावी. एकत्र कुटुंबात चार चुली मांडल्या, तर प्रत्येक चुलीला किती लाकूड लागले ते वेगळे कळते. तसेच हे. प्रत्येक कामाचे एक कॉस्ट सेंटर उघडायचे आणि खर्च किंवा उत्पन्न लिहिताना ते कोणत्या कामाचे, हे सांगायचे. ही सोय सुरुवातीला बंद असते, सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. क्लासमध्ये ती बहुधा शेवटी, घाईघाईत शिकवतात. ठेकेदारासाठी तीच पहिली.

या घरात दोन मोठी कामे होती. एक शाळेच्या खोल्यांचे, दुसरे एका खासगी बंगल्याचे. एकत्र हिशेबात उत्पन्न ३९ लाख, खर्च ३६ लाख २० हजार, म्हणजे नफा २ लाख ८० हजार. ठेकेदार समाधानी होता. पत्नीने दोन महिने खपून पावत्या साइटप्रमाणे वेगळ्या केल्या, तेव्हा चित्र निराळे दिसले.

शाळा: उत्पन्न २४ लाख, खर्च १९ लाख ५० हजार, नफा ४ लाख ५० हजार.

बंगला: उत्पन्न १५ लाख, खर्च १६ लाख ७० हजार, तोटा १ लाख ७० हजार.

शाळेने कमावले आणि बंगल्याने खाल्ले. बंगल्याचा दर चौरस फुटावर ठरला होता. मालकाने मध्येच माळा वाढवून घेतला, फरशी बदलायला लावली, कुंपणाची भिंत उंच करवली. "नंतर बघू," असे तोंडी ठरले. कागदावर काहीच नव्हते. एकत्र हिशेबात हे कधी दिसलेच नसते आणि ठेकेदाराने पुढचा बंगलाही त्याच दराने घेतला असता. त्याने तो घ्यायचे जवळपास नक्की केलेच होते.

मालाचेही तसेच. टॅलीत 'गोडाऊन' म्हणून माल ठेवण्याच्या जागा उघडता येतात. प्रत्येक साइट हे एक गोडाऊन धरावे. शाळेवरच्या ६० गोण्या सिमेंट बंगल्यावर नेल्या, तर पैसे कोणालाच दिलेले नसतात, म्हणून नोंद राहून जाते. पण ३५० रुपये गोणी धरली, तरी २१ हजार रुपये एका कामातून दुसऱ्यात गेलेले असतात. माल हलवल्याची नोंद 'स्टॉक जर्नल'मध्ये करायची. एककेही आपल्या धंद्याची उघडावीत. सिमेंट गोणीत, सळई किलोत, वाळू आणि खडी ब्रासमध्ये. महिन्यातून एकदा साइटवर जाऊन गोण्या प्रत्यक्ष मोजाव्यात. पडद्यावर ४० आणि साइटवर २८ असतील, तर बारा गोण्यांची चौकशी त्याच दिवशी करता येते. वर्षाने केलेली चौकशी फुकट जाते.

मुकादमाचे खाते, माणसाचे खाते

मजुरीचा हिशेब नाजूक असतो. त्यात आकड्यांबरोबर माणसे असतात. हजेरीपट साइटवर भरला जातो, उचल ठेकेदार खिशातून देतो आणि शनिवारी दोहोंचा मेळ तोंडी घातला जातो. तोंडी हिशेबात भांडण ठरलेले. बऱ्याचदा दोघेही खरे बोलत असतात, फक्त दोघांची आठवण वेगळी असते.

प्रत्येक मुकादमाचे खाते उघडावे. उचल दिली की त्याच्या नावे. आठवड्याचे काम मोजले की त्याचे जमा, आणि ती मजुरी त्या त्या साइटच्या खर्चात. शनिवारी खात्याचा उतारा छापून त्याच्यासमोर वाचावा. या घरी पहिल्यांदा उतारा वाचला गेला, तेव्हा मुकादमाने थोडा वेळ मान खाली घातली. मग म्हणाला, "वहिनी, यात गणपतीच्या वेळचे दोन हजार धरले नाहीत तुम्ही. मी घेतले होते." डायरीत ती नोंद नव्हती. लेखी हिशेबाने विश्वास कमी होतो, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. हिशेब समोर असला, की माणूस खरे बोलायला मोकळा होतो.

कायद्याच्या दोन गोष्टी इथेच सांगितलेल्या बऱ्या. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून अधिक रोख दिले, तर तो खर्च सामान्यतः प्राप्तिकरासाठी मान्य होत नाही, म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच द्यावी. दुसरी गोष्ट करकपातीची. ठेकेदाराची मागच्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या वर असेल आणि पोटठेकेदाराला एका वेळी ३०,००० किंवा वर्षभरात १ लाखाहून अधिक रक्कम दिली जात असेल, तर करकपात करून ती सरकारात भरावी लागते. व्यक्ती असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल तर २ टक्के. हे विसरले, तर भुर्दंड ठेकेदाराला बसतो.

दहा लाखांचे बिल, हातात किती?

आता पाटल्यांच्या मूळ प्रश्नाकडे वळावे लागते. सरकारी कामात मोजमाप पुस्तकात काम नोंदले जाते आणि त्यावरून चालू बिल, म्हणजे आर. ए. बिल निघते. समजा काम १० लाखांचे झाले. जीएसटी १८ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. एकूण बिल ११ लाख ८० हजार. अनामत ५ टक्के ठरली आहे. कपाती अशा होतात.

प्राप्तिकराची कपात १ टक्का: १०,००० रुपये.

जीएसटीची कपात २ टक्के: २०,००० रुपये.

बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का: १०,००० रुपये.

सुरक्षा अनामत ५ टक्के: ५०,००० रुपये.

एकूण कपात ९०,००० रुपये. बँकेत येतात १० लाख ९० हजार.

डायरीत हा ठेकेदार काय लिहीत असे? 'बिल आले, १० लाख ९० हजार.' एवढेच. या एका ओळीत तीन चुका आहेत.

पहिली चूक, त्यातले १ लाख ८० हजार त्याचे नाहीतच. तो सरकारचा कर आहे. मालाच्या खरेदीवर भरलेला कर वजा करून उरलेला भरावा लागणार. ते पैसे पगारात आणि डिझेलमध्ये गेले, की कर भरायच्या तारखेला तारांबळ उडते.

दुसरी चूक, कापलेल्या ९० हजारांपैकी फक्त उपकराचे १०,००० कायमचे गेले. प्राप्तिकराचे १०,००० वर्षअखेरीच्या करातून वळते होतात. जीएसटीचे २०,००० पोर्टलवरच्या आपल्या रोख खात्यात जमा होतात, मात्र तिथे जाऊन ती रक्कम स्वीकारावी लागते. न लिहिलेले पैसे मागायला कोणी जात नाही.

तिसरी चूक सर्वांत महाग. अनामतीचे ५०,००० हे येणे आहे. काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळून दोषदायित्वाचा काळ संपला, की अर्ज करून ते परत मागायचे असतात. अर्ज केला नाही, तर ते कोणी घरी आणून देत नाही.

टॅलीत याची नोंद एकदा समजून घेतली, की दर बिलाला तीच. बिल निघाले त्या दिवशी खात्याच्या नावे ११ लाख ८० हजार. पैसे आले त्या दिवशी बँकेच्या नावे १० लाख ९० हजार, प्राप्तिकर कपातीच्या नावे १०,०००, जीएसटी कपातीच्या नावे २०,०००, उपकर खर्च १०,०००, सुरक्षा अनामतीच्या नावे ५०,०००, आणि खात्याचे जमा ११ लाख ८० हजार. प्रत्येक कामाचे अनामतीचे खाते वेगळे उघडावे. खात्याच्या नावातच ती केव्हा परत मिळायची, तो महिना लिहून ठेवावा.

ठेकेदाराच्या पत्नीने जुन्या फायली काढल्या. मागच्या चार वर्षांतल्या पाच कामांची अनामत मिळून ३ लाख ४० हजार रुपये वेगवेगळ्या कचेऱ्यांत पडून होते. त्यातल्या तीन कामांची मुदत केव्हाच संपलेली. ती रक्कम १ लाख ९० हजार. पाटल्या दीड लाखासाठी बँकेत होत्या.

दुसऱ्याची ढिलाई, आपला खिसा

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि खरेदीच्या पावतीला नवे महत्त्व आले. सिमेंटवाल्याला आपण कर दिला, तरी त्याने आपले बिल पोर्टलवर चढवले नाही, तर ती वजावट आपल्याला मिळत नाही. दर महिन्याला पोर्टलवर 'जीएसटीआर-२बी' हा तक्ता तयार होतो. त्यात पुरवठादारांनी चढवलेली बिले दिसतात. तो तक्ता आणि आपली खरेदीवही समोरासमोर ठेवून मेळ घालणे, हे दरमहाचे काम आहे. ज्याचे बिल दिसत नाही, त्याला त्याच दिवशी फोन करावा. शेवटचा हप्ता देऊन झाल्यावर फोन उचलला जाईलच असे नाही.

कराचे दरही पाठ करून ठेवू नयेत. सिमेंटवर बरीच वर्षे २८ टक्के कर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. जुने बिल आज लिहिले, तरी दर बिलाच्या तारखेचाच लागतो. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा २०२५ चा नवा कायदा लागू ठरल्याने कलमांचे जुने क्रमांकही बदलले. सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करून घ्यावे आणि वर्षातून दोनदा तरी आपल्या सनदी लेखापालांसमोर बसून खाती तपासून घ्यावीत. सॉफ्टवेअर बेरीज करते, पण सल्ला माणसाकडूनच घ्यावा लागतो.

रोजचा अर्धा तास

शिकणाऱ्यांच्या चुका बहुधा सारख्याच असतात. पहिली, महिन्याचे एकदम लिहिणे. तीस दिवसांनी 'डिझेल १,२०० रुपये' ही चिठ्ठी कोणत्या साइटची, ते देवालाच ठाऊक. दुसरी, घरखर्च आणि धंद्याचा खर्च एकत्र करणे. मुलाची फी धंद्याच्या खात्यातून भरली, तर ती 'उचल' म्हणून मालकाच्या नावे टाकावी, मजुरीत मिसळू नये. तिसरी, रोकड न मोजणे. पडद्यावरची शिल्लक आणि पेटीतली शिल्लक रोज जुळलीच पाहिजे. सासऱ्यांचा नियम साधा होता, "आधी रोकड मोज, मग वही मिट." चौथी, ३१ मार्चला झालेले पण बिल न निघालेले काम विसरणे. त्याचा खर्च या वर्षात आणि उत्पन्न पुढच्या वर्षात गेले, तर दोन्ही वर्षांचा हिशेब खोटा ठरतो. पाचवी, प्रत न ठेवणे. कॉम्प्युटर बिघडतो, चोरीला जातो. आठवड्याला एक प्रत पेनड्राइव्हवर काढून घराबाहेर दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

उपाय रोजच्या अर्ध्या तासाचा आहे. ठेकेदाराने संध्याकाळी खिशातल्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकायच्या, प्रत्येकीवर साइटचे नाव लिहून. रात्री जेवणानंतर त्या टॅलीत चढवायच्या. या घरात सुरुवातीला चिठ्ठ्यांवर साइटचे नाव नसे. मग पत्नीने सांगून टाकले, "नाव नसलेल्या चिठ्ठीचे पैसे तुमच्या उचलीत." आठवड्याभरात सगळ्या चिठ्ठ्यांवर नावे येऊ लागली.

हे काम घरातल्या कोणीही करू शकते. पत्नीने करावे, मुलाने करावे, हाताखालच्या विश्वासू माणसाने करावे. पण ठेकेदाराने ते वाचलेच पाहिजे. महिन्यातून एकदा चार प्रश्न विचारावेत. कोणती साइट तोट्यात आहे? कोणाकडे किती येणे आहे? कोणती अनामत सुटायची आहे? कराचे किती पैसे बाजूला ठेवले? या चार उत्तरांसाठीच हा सगळा खटाटोप. आणि ज्याने हिशेब लिहिला, त्याचे ऐकले पाहिजे. नुसते लिहून घेतले आणि दर जुन्याच अंदाजाने लावला, तर सॉफ्टवेअरचे पैसे आणि घरच्यांची मेहनत दोन्ही वाया.

या घरातल्या ठेकेदाराने दुसऱ्या बंगल्याचा दर फिरवला. वाढीव कामाचा कागद आधी, काम नंतर, अशी अट घातली. तो मालक दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला. दोन दिवस घरात थोडी कुरबूर झाली. हातचे काम गेले, असे ठेकेदाराला वाटणे साहजिक होते. पत्नीने त्याला पहिल्या बंगल्याचा १ लाख ७० हजारांचा उतारा पुन्हा दाखवला. तो काही बोलला नाही. त्या आठवड्यात तो तीन कचेऱ्यांत अनामतीचे अर्ज देऊन आला.

एका कचेरीने दीड महिन्यात पैसे दिले, दुसरीने चार महिने फेऱ्या मारायला लावल्या, तिसरीचे अजून यायचे आहेत. तिसरी रक्कम रोज रात्री पडद्यावर 'येणे' म्हणून दिसते, त्यामुळे ती आता कोणी विसरत नाही. पाटल्या मात्र दिवाळीच्या आधी घरी आल्या. सोडवून आणल्याची नोंदही त्याच रात्री झाली. सोने तारण कर्ज नावे, बँक जमा. सासऱ्यांनी चष्मा लावून पडद्यावरची ओळ वाचली आणि विचारले, "व्याज वेगळे टाकलेस ना?"

टाकले होते.